कपिलेचा घास

शैला आठल्येंच्या घरी तव्यावरची पहिली पोळी कधी कुणाच्या पानात पडली नाही. ती गाईची. मिरजेला माहेरी दारात येणारी गाय होती. लग्नानंतर पुण्यात देवळाबाहेर गवताच्या पेंड्या घेऊन बसणाऱ्या बाईंची गाय होती. पुढे रविकांतना नेदरलँड्समध्ये नोकरी लागली, आणि दोन बॅगा, एक पोळपाट आणि कडेवर शलाका एवढ्या लवाजम्यानिशी शैला अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका फ्लॅटमध्ये येऊन पोचली. तिथे सगळं होतं. इंडियन दुकानात कढीलिंब मिळायचा, गणपतीला आरतीला माणसं उभी राहायला जागा पुरायची नाही. फक्त गाय नव्हती. म्हणजे देशभर गाईच गाई. पण त्या कुंपणापलीकडे, कानात पिवळे बिल्ले घातलेल्या. "त्यांना पोळी दाखवलीस ना, तर शेतकरी आधी तिचं लेबल मागेल," असं रविकांत म्हणायचे.

मग ती पोळी ओट्यावर झाकलेली राही, संध्याकाळपर्यंत पापडासारखी कडक होई, आणि ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात जाई. डब्याचं झाकण लावताना शैला रोज मान दुसरीकडे फिरवी. ती काही भोळी बाई नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, डच भाषेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली, फॅमिली डॉक्टरने "पॅरासिटामॉल घ्या" म्हटलं की "आणि नंतर?" असं विचारणारी. पण घास काढायचा आणि तो कुणाच्याच तोंडी पडायचा नाही, हे तिला वर्षानुवर्षं खुपत राहिलं.

शलाका नोकरीसाठी युट्रेक्टला गेली आणि रविकांतची बदली ब्रेडाच्या ऑफिसात झाली, तेव्हा त्यांनी शहराबाहेर, बेल्जियमकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका खेड्यात घर घेतलं. ओळीतलं शेवटचं घर. मागे हातभर बाग, बागेला फाटक, फाटकाबाहेर पाण्याचा चर, चरावर फळी, आणि फळीपलीकडे थेट रान. बर्च, पाइन, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी.

तिथे ती दिसली. उन्हाळ्यातल्या एका सकाळी जाळीशी तांबूस अंगाची, मोठ्या कानांची हरिणी उभी, आणि मागे दोन पिल्लं. इकडे या जातीला 'रे' म्हणतात. आपल्या भेकरापेक्षा थोडी उंच. शैलाच्या हातात पोळीची थाळी होती. तिने फळी ओलांडली, बर्चच्या बुंध्याशी पोळी ठेवली आणि मागे न बघता परत आली. तासाभराने जाऊन पाहिलं, तर पोळी नव्हती.

"अहो, खाल्ली!"

"कुणी?"

"कपिलेने."

रविकांतनी लॅपटॉपवरून डोळे वर केले. "नावसुद्धा ठेवून झालं? आता बारसं कधी?"

त्या दिवशी हिरव्या डब्याचं झाकण उघडावं लागलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढ्याशा गोष्टीने इतकं हलकं वाटावं, याचं तिचं तिलाच हसू आलं.

शरद ऋतू आला, पानं गळाली, कपिलेचा तांबूस रंग जाऊन अंगावर राखाडी लोकर चढली. एका सकाळी ती लंगडत आली. मागचा डावा पाय जमिनीला टेकवत नव्हती. रस्त्यावर कुणा गाडीने उडवलं असणार. त्या दिवसापासून पोळीबरोबर भात गेला. मग सफरचंदाच्या फोडी. मग मूठभर गहू. शैला चमच्याने थाळीच्या काठावर टणटण वाजवी, आणि जाळीत कान हलत. आधी कपिला, मागे तिची आता चांगलीच वाढलेली दोन पोरं. माणसाची हालचाल दिसली की वाऱ्यासारखं पळणारी ही जात. पण थाळी वाजली की ती उभी राहायची, वाट बघायची. शैलाला त्याचं केवढं कौतुक!

डिसेंबरात एका सकाळी थाळी ठेवायला वाकली असताना तिला वाटलं, आपल्याकडे कुणीतरी पाहतंय. कपिला तर अजून आली नव्हती. तिने मान वर केली. समोरच्या बर्चला, मांडीएवढ्या उंचीवर, पट्ट्याने आवळलेली एक पेटी होती. शेवाळी रंगाची, वर झाडाच्या सालीची नक्षी, आणि मधोमध काचेचा काळा डोळा. तो डोळा नेमका तिच्या थाळीवर रोखलेला. ती जरा बाजूला सरकली. पेटीच्या आत काहीतरी बारीक टिकटिकलं.

ती घरी आली ती फाटकाला कडी लावूनच.

"कॅमेरा खेमेंटेचा असेल," रविकांत म्हणाले. खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. काहीही विपरीत घडलं की रविकांत तिच्या नावावर टाकत. "रानात कचरा कोण टाकतं, बघत असतील."

"माझा गोग्रास म्हणजे कचरा?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस, कॅमेऱ्याला सांग. ऐकूही येत असेल त्याला."

दुसऱ्या दिवशी ती गेली, तेव्हा डोक्यावरून शाल ओढून गेली. स्वतःच्याच दारामागे चोरासारखी. कपिला आली, खाऊन गेली. पण शैलाचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. पाठीवर तो काळा डोळा टोचत होता.

शनिवारी घंटी वाजली. दारात एक उंच, पांढऱ्या भुवयांचा, हिरव्या जाकिटातला म्हातारा. हातात सफरचंदांची पिशवी. इकडे बाईसाहेबांना 'मेव्राउ' म्हणतात.

"मेव्राउ आठल्ये? मी तोन. तळ्याजवळच्या घरात राहतो. रोज सकाळी तुमचा फोटो येतो माझ्याकडे."

हे तो इतक्या प्रसन्नपणे म्हणाला की शैलाच्या अंगावर काटाच आला. रविकांतनी त्याला आत घेतलं. कॉफी झाली. कॉफीबरोबर एकच बिस्किट ही इथली रीत, पण शैलाने चिवड्याची वाटीही ठेवली. माणूस कसाही असो, वाटी पुढे करायचीच. तोनने फोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर शैला: रविकांतचं जुनं जाकीट, खाली गाऊन, पाठीवर वेणी, थाळीपुढे हात जोडलेले.

"पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई झाडाशी बोलते."

"अधूनमधून बोलते ती," रविकांत म्हणाले. शैलाने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद त्यांनी चिवड्याबरोबर गिळला.

तोन निवृत्त दंतवैद्य होता. आयुष्यभर माणसांचे दात पाहिले, आता हरणांचे पाहतो, म्हणाला. जबड्यातले दात किती झिजलेत त्यावरून मारलेल्या हरणाचं वय कळतं. पलीकडच्या रानपट्ट्यात शिकारीची परवानगी त्याच्याकडे होती. कॅमेरा त्याचाच. "समोरून कोणी गेलं की तो फोटो काढतो आणि फोनवर पाठवतो. कोण येतं, केव्हा येतं, एकटं की पोरांबरोबर, पुढे कुठल्या वाटेने जातं. हे कळलं की मचाणावर उगाच गारठत बसावं लागत नाही." मग त्याने पुढचा फोटो काढला. कपिला. डोळे उजेड पडून पांढरे झालेले. "ही. पाय बघा हिचा. हाड वाकडं जुळलंय. जानेवारीत माद्यांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. हिला मी एका गोळीत सोडवणार होतो."

"होतो?" शैलाने विचारलं.

"तुमच्या थाळीने अडवलंय मला." तो हसला. "खाणं ठेवलेल्या जागेच्या आसपास बंदूक उचलायची नाही, असा नियम आहे आमच्यात. बरोबरच आहे. जेवायला बोलावून कुणाला मारू नये."

मग तो बराच वेळ बोलत राहिला. त्याचे वडील हिवाळ्यात हरणांना चारा घालत, पण त्याची एक रीत होती: पानं गळायच्या आधीपासून, थोडं थोडं, आणि जाडंभरडं, वाळलं गवत, झाडपाला. थंडीत या प्राण्याचं पोट आकसतं, कळ्या आणि काटक्या पचवण्यापुरतं उरतं. अशा वेळी पोटभर धान्य पडलं की ते आत आंबतं. भरल्या पोटी मरतात, म्हणाला. "म्हणून सांगायला आलो. बंद करा."

पण शैलाच्या कानात एकच वाक्य अडकलं होतं. थाळी आहे तोवर बंदूक नाही.

"आणि नाही बंद केलं तर?"

तोनने वाटीतला शेवटचा शेंगदाणा उचलला. "तर माझी गोळी वाचेल, मेव्राउ," तो म्हणाला. आणि चिवडा फार छान आहे, असं सांगून गेला.

"म्हणजे काय हो म्हणाला तो?" दार लागल्यावर शैलाने विचारलं.

"सरळ आहे. खाणं घालू नकोस, नाहीतर ती मरेल."

"छान! आणि नाही घातलं तर हा मारील. मारणाऱ्यानेच येऊन सांगायचं, बाई गं, तू खाऊ घालू नकोस, पोट बिघडेल. आणि आपण ऐकायचं!"

"शैला, माणूस खोटं बोलत होता असं वाटलं नाही मला."

"कसायाचं बोलणं गोडच असतं."

युट्रेक्टहून शलाकाचा फोन आला, तेव्हा रविकांतनी तक्रार गुदरलीच. शलाका अर्धं डचमध्ये आणि अर्धं मराठीत ओरडली. "आई, माख नीट! चालत नाही असं! वन्य प्राण्यांना असं खायला नसतं घालायचं. शाळेत शिकवतात हे. आणि तू मायक्रोबायोलॉजीवाली ना? पोटातले बॅक्टेरिया तूच शिकवलेस मला."

"तुला पहिला घास मीच भरवला," शैला म्हणाली. "त्याने काही झालं नाही तुला."

फोन ठेवल्यावर मात्र ती ओट्याशी बराच वेळ उभी राहिली. शलाका म्हणाली ते तिला कळत नव्हतं असं नाही. इडलीचं पीठ उन्हाळ्यात किती फुगतं आणि थंडीत का फुगत नाही, हे तिला पुस्तकातून आणि पातेल्यातून, दोन्हीकडून माहीत होतं. पण हे कळणं एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला मचाणावर बसलेला माणूस. तिने मचाण शोधून काढलं होतं. चालत जाऊन पाहिलं होतं. शिडी, वर फळकुटांची खोली, आणि समोर लांबट फट. त्या फटीतून पायवाट सरळ दिसायची, तिच्या फळीपर्यंत.

थाळीत दिवसेंदिवस भर पडत गेली.

जानेवारीत थंडी अशी पडली की चरातलं पाणी दगड झालं. रान पांढरं, मुकं. भोगीच्या दिवशी शैला पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी, लेकुरवाळी भाजी. दुसऱ्या दिवशीच्या गुळपोळ्यांची तयारी. खिरीसाठी म्हणून गहू भिजवले होते, ते नेहमीपेक्षा जास्तच. बाहेर नजर गेली तर जाळीशी कपिला, पाय उचलून धरलेली, पाठीवर हिमाचे कण. कान थाळीच्या आवाजाकडे लागलेले.

सणाच्या दिवशी दारात भुकेलं उभं असताना कुणी हात आखडता घेतो का? तिने मोठी परात घेतली. भाकरी, खिचडी, भिजलेले गहू, वर गुळाचा खडा. पोरांना म्हणून दुसरीकडे थोडं वेगळं वाढलं. टणटण वाजवलं. बर्चवरच्या काळ्या डोळ्याकडे तिने या वेळी मुद्दाम पाहिलं. बघ म्हणावं. घे फोटो.

कपिलेने परात चाटून पुसून स्वच्छ केली.

संक्रांतीला ती आली नाही. पोरं आली, बावरून उभी राहिली, निघून गेली. दुसऱ्या दिवशीही नाही. मोसम सुरू झाला होता. गोळीचा आवाज तर आला नव्हता. पण खिडक्या अशा घट्ट की आवाज आत यावा कुठून? ती सकाळभर फाटकाशी जात-येत राहिली. शेवटी तोनच आला. दारातच फोन पुढे धरला.

फोटोत कपिला उभी होती. पाय फाकलेले, मान खाली, आणि पोट एका बाजूने ढोलासारखं.

"कालचा आहे. आज सापडली. येता?"

रविकांत "नको" म्हणेपर्यंत शैलाने बूट चढवले होते.

चराच्या वळणावर बर्फाच्या कडेला ती पडली होती. पाण्याकडे तोंड करून. जीव जाताना तहान लागली असावी. बर्फावर खुरांचे ओरखडे होते. शैलाने आधी तिची मान पाहिली, मग खांदा, मग छाती. हाताने लोकर बाजूला करकरून पाहिली.

"गोळीचं भोक शोधताय," तोन म्हणाला. "नाही सापडणार."

त्याने गुडघ्यावर बसून चाकू काढला आणि विचारल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. शैलाने मान हलवली. तिला बघायचंच होतं. चाकू पोटावरून गेला, हवा सुटल्याचा आवाज झाला, आणि वास आला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. झाकण ठेवून विसरलेल्या पिठाचा. तिच्या स्वतःच्या ओट्यावरचा, तिच्या स्वतःच्या पातेल्यातला. आंबट, उबट, नाकात शिरून बसणारा. रविकांत मागे सरकले. शैला हलली नाही. त्या पांढरट लगद्यात गहू जसेच्या तसे होते, फुगलेले. आणि तीळ. भाकरीवर तिने बोटांनी थापलेले तीळ, एकही पचला नव्हता.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," तोन म्हणाला. रागाने नाही. तोंड उघडून दात दाखवणाऱ्या पेशंटला सांगावं, तसं.

"हो," शैला म्हणाली. एवढंच.

घरी येऊन तिने परात घासली, पुन्हा घासली. रविकांत ओट्याशी येऊन उभे राहिले. "तू मुद्दाम केलं नाहीस," ते म्हणाले.

"अहो, मुद्दाम नव्हतं, म्हणून तर तिने विश्वासाने खाल्लं."

दुसऱ्या दिवशी पहिली पोळी तव्यावरून उतरली आणि तिने ती स्वतः खाल्ली. कोरडी, उभ्याउभ्या. खिडकीतून बर्च दिसत होता. बर्चखाली कपिलेची दोन पोरं उभी होती. कान घराकडे.

ती तशीच बाहेर गेली. फाटकापाशी तोन भेटला. पट्टा सैल झाला म्हणून कॅमेरा नीट करायला आला होता.

"येत राहतील," तो पोरांकडे न बघता म्हणाला. "तुम्ही जागा शिकवलीय, वेळ शिकवलीय. पण आता थाळी बंद. म्हणजे थोड्या दिवसांनी ही जागा पुन्हा मोकळी."

"मोकळी म्हणजे?"

तोनने खांदे उडवले. "या मोसमात माझ्या वाट्याच्या दोन माद्या बाकी आहेत. ही दोन्ही पोरं माद्याच आहेत, मेव्राउ. आणि आई नसलेली." मग पट्टा घट्ट ओढत म्हणाला, "रविवारपर्यंत मी मचाणावर बसणार नाही. तुमच्यासाठी."

शैलाने ते उपकार म्हणून घेतलं नाही, आणि धमकी म्हणूनही नाही. रविवारपर्यंत या पोरींनी ही जागा विसरायला हवी, एवढंच तिने घेतलं.

दुसऱ्या सकाळी ती थाळी आणि लाटणं घेऊन गेली. पोरी जाळीशी होत्याच. तिने जीव खाऊन थाळी बडवली. रानभर आवाज घुमला, झाडावरचे कावळे उठले. आणि त्या दोघी पुढे आल्या. उड्या मारत, कान ताठ, थेट फळीपर्यंत. थाळी वाजते म्हणजे जेवण. त्यांना दुसरं काय माहीत असणार? शैलाच्या हातातलं लाटणं खाली आलं.

मग तिने ओरडून पाहिलं. हात हलवले. रविकांतची छत्री फाडकन उघडली. दोघींतली मोठी पळाली, धाकटी दहा पावलांवर थांबून बघत राहिली. जणू खेळ चाललाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघी हजर. रविकांत खिडकीतून बघत. एरवी त्यांनी याच्यावर महिनाभर पुरेल एवढी थट्टा केली असती.

शनिवारी धाकटी एकटीच फळी ओलांडून फाटकाशी आली. इतकी जवळ की नाकपुड्यांतली वाफ दिसावी. तिने मान पुढे करून शैलाच्या रिकाम्या ओंजळीचा वास घेतला.

शैला वाकली. चराच्या काठचं गोठलेलं मातीचं ढेकूळ उचललं. या हाताने आयुष्यात कुत्र्यावरही दगड भिरकावला नव्हता. तिने ते मारलं, आणि नेम चुकवला नाही. ढेकूळ बरगडीवर बसल्याचा आवाज झाला. धाकटी किंचाळली, हरणं किंचाळतात हे शैलाला तोवर माहीत नव्हतं. फळीवर तिचा पाय घसरला, ती उठली, धावली. जाळीत पोचल्यावर एकदाच वळून पाहिलं. शैलाने दुसरं ढेकूळ उचललं. मग तिसरं. जाळी हलायची थांबल्यावरही ती मारत राहिली. शेवटी रविकांतनी येऊन तिचा हात धरला.

रविवारी कुणी आलं नाही. सोमवारीही नाही. रानाची ती कड रिकामी राहिली. हिमावर फक्त कावळ्यांचे पाय. शैला रोज पहिली पोळी खायची, खिडकीशी उभी राहून रिकाम्या जागेकडे बघायची, आणि तिला बऱ्याच दिवसांनी श्वास पुरा घेता येई.

आठवड्याच्या मधल्या एका सकाळी बर्चपाशी हिरवं जाकीट दिसलं. ती लगबगीने गेली. तोन पट्टा सोडत होता. बर्चच्या पांढऱ्या सालीवर काळा व्रण उरला होता.

"चांगला नेम आहे तुमचा," तो म्हणाला. "फोटोत पाहिलं. आता नाही यायच्या त्या इकडे."

"म्हणजे झालं ना?" शैलाने विचारलं. तिच्या आवाजात हसू होतं. "कॅमेरा काढताय. आता कुठे लावणार?"

तोनने पट्टा हाताला गुंडाळला, काचेवरचं दव बाहीने पुसलं, आणि पेटी पिशवीत ठेवली. दंतवैद्याचे ते स्वच्छ, सावकाश हात.

"जिकडे तुम्ही त्यांना पाठवलंत, तिकडे," तो म्हणाला, आणि हिमावरच्या जुन्या खुरांच्या मागाने जाळीपलीकडे चालू लागला.

शैला फळीवर उभी राहिली. हाक मारून त्याला थांबवावं असं तिला वाटलं. पण थांबवून सांगायचं काय? घरात तवा तापत ठेवला होता. त्याचा वास फाटकापर्यंत आला, तरी तिचे पाय वळेनात.